मेंदूवरची रेडिओसर्जरी: फायदे, दुष्परिणाम आणि कोल्हापूरहून मुंबईला जाताना पडणारे प्रश्न

रेडिओसर्जरी म्हणजे नेमकं काय? डोकं उघडतात का?

नाही. चिरा नाही, टाके नाहीत, बहुतेक मोठ्या माणसांना भूलही लागत नाही. किरणांच्या कितीतरी बारीक शलाका वेगवेगळ्या दिशांनी येऊन मेंदूतल्या एकाच जागी मिळतात. एकटी शलाका वाटेतल्या भागाला फारसं काही करत नाही. जिथे सगळ्या एकत्र येतात तिथे मात्र मात्रा इतकी वाढते की गाठीतल्या पेशींची वाढ थांबते किंवा बिघडलेल्या रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात. त्या जागेपासून काही मिलिमीटर दूर गेलं की मात्रा झपाट्याने उतरते. म्हणून नेम अचूक लागणं हेच इथे सगळ्यात महत्त्वाचं.

ही कल्पना स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडली. गामा नाईफ हे यंत्र त्यातूनच पुढे आलं. भारतात १९९७ मध्ये मुंबईत हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीत एम्समध्ये ते सुरू झालं.

गामा नाईफ, सायबरनाईफ की लिनॅक? कोणतं चांगलं?

गामा नाईफमध्ये कोबाल्ट-६० चे स्रोत असतात, जुन्या यंत्रांत २०१ आणि नव्यांत १९२. ते डोक्यासाठीच बनवलेलं आहे. सायबरनाईफमध्ये किरण सोडणारं छोटं यंत्र रोबोच्या हातावर बसवलेलं असतं आणि उपचार चालू असताना मधूनमधून एक्स-रे काढून ते आपला नेम दुरुस्त करतं. लिनॅक म्हणजे कॅन्सर रुग्णालयातलं नेहमीचं रेडिएशन यंत्र. योग्य जोडण्या आणि अचूकतेच्या चाचण्या असतील तर त्यावरही रेडिओसर्जरी होते.

यंत्राच्या नावावर जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. लहान गाठींवर तिन्हींचे निकाल चांगले येतात. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं किंवा हाताचा कंप अशा, लक्ष्य अगदी बारीक असलेल्या आजारांत गामा नाईफचा अनुभव सगळ्यात जुना आहे. त्यापेक्षा हे विचारा: तुमच्या आजाराच्या पेशंटवर त्या रुग्णालयात नियमित उपचार होतात का? न्यूरोसर्जन, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आणि मेडिकल फिजिसिस्ट तिघे मिळून प्लॅन बघतात का?

एक बारीक गोष्ट. कोबाल्टची ताकद ५.२७ वर्षांनी निम्मी होते. त्यामुळे स्रोत जुने असतील तर तेवढीच मात्रा द्यायला वेळ जास्त लागतो. शेजारच्या पेशंटचं तासाभरात उरकलं आणि तुम्हाला तीन तास लागले, तर त्याचा अर्थ तुमचा आजार मोठा असा नव्हे.

नेहमीच्या शेकापेक्षा हे वेगळं कसं?

नेहमीच्या किरणोपचारात रोज १.८ ते २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) अशी थोडी थोडी मात्रा आठवड्यातून ५ दिवस, पाच-सहा आठवडे देतात. रेडिओसर्जरीत सगळी मात्रा एकाच बैठकीत किंवा फार तर ५ बैठकांत देतात. मोजक्या गाठींसाठी पूर्ण मेंदूला शेक देण्याची वेळ टळली तर स्मरणशक्ती आणि तरतरी जास्त शाबूत राहते, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा.

कोणत्या आजारांत किती फायदा होतो?

आजारागणिक फायदा वेगळा. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कानाच्या नसेवरची गाठ, म्हणजे अकूस्टिक न्यूरोमा: गाठीच्या कडेला १२ ते १३ ग्रे देतात. शंभरातल्या नव्वदाहून अधिक जणांत गाठीची वाढ थांबते. चेहरा वाकडा होण्याचा धोका शस्त्रक्रियेपेक्षा बराच कमी. पण गेलेलं ऐकू येणं परत येत नाही आणि असलेलंही पुढच्या काही वर्षांत कमी होत जाऊ शकतं. "गाठ गेली का?" असा प्रश्न घेऊन बसलात तर निराश व्हाल. इथे यश म्हणजे गाठ वाढायची थांबणं.

मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ: १२ ते १६ ग्रे. साधी, लहान गाठ असेल तर नियंत्रण उत्तम. शस्त्रक्रियेत नसेला चिकटून राहिलेल्या तुकड्यासाठी हा उपाय फार उपयोगी पडतो.

दुसरीकडच्या कॅन्सरच्या मेंदूतल्या गाठी: २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला २० ते २४ ग्रे, ३ सेंटिमीटरपर्यंत १८, त्याहून मोठीला, ४ सेंटिमीटरपर्यंत, १५ ग्रेच्या आसपास. उपचार केलेली गाठ बहुतेकांत आटोक्यात येते. पण मेंदूत इतरत्र नवी गाठ उगवणं यामुळे थांबत नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय लागतोच.

एव्हीएम, म्हणजे रक्तवाहिन्यांचं जन्मजात जाळं: लहान जाळं असेल तर साधारण ७० ते ८० टक्के पेशंटमध्ये ते बंद होतं, पण त्याला दोन ते तीन वर्षं लागतात. तोवर रक्तस्रावाचा धोका वर्षाला २ ते ४ टक्के, म्हणजे जवळपास पूर्वीइतकाच असतो. जाळं बंद झालं का हे एमआरआयवर अंदाजाने कळतं, पक्कं करायला डीएसए अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेले एक्स-रे, करावी लागते.

ट्रायजेमिनल न्युराल्जिया, म्हणजे दात घासताना, दाढी करताना किंवा गार वारा लागताच चेहऱ्यात वीज चमकल्यासारखी कळ येणं: नसेच्या मुळाशी ७० ते ९० ग्रे अशी मोठी मात्रा, पण जेमतेम ४ मिलिमीटरच्या ठिपक्यावर. बहुतेकांना आराम पडतो, तोही काही आठवड्यांपासून तीन महिन्यांत. काही जणांचं दुखणं काही वर्षांनी परततं. काहींच्या गालाला बधिरपणा येतो. दाढा काढूनही दुखणं न थांबलेले पेशंट आपल्याकडे कमी नाहीत. दाताचं कारण सापडत नसेल तर आणखी दाढ काढण्याआधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

पिट्यूटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीची गाठ: सहसा शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या भागासाठी. वाढ थांबते, पण जादा हार्मोन उतरायला दोन-तीन वर्षंही लागतात. पुढे चार-पाचांपैकी एखाद्याची पिट्यूटरी मंदावते आणि थायरॉईड किंवा कॉर्टिसोलच्या गोळ्या कायमच्या सुरू होतात.

हाताचा कंप: औषधांना न जुमानणारा कंप, डोक्यात तार घालायची शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर. एका बाजूचाच करतात. पार्किन्सनचा ताठरपणा आणि चालण्यातला तोल याने सुधारत नाही, हे आधीच नीट समजून घ्या.

फिट येण्याच्या आजारात याचा उपयोग मोजक्याच पेशंटना होतो. फिट कमी व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि कानशिलाच्या भागातून येणाऱ्या फिटवर शस्त्रक्रिया जास्त खात्रीची ठरली आहे.

कोणाला हा उपाय नको?

गाठ ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा ती दाबत असल्यामुळे उलट्या होतात, नजर वेगाने कमी होते, मेंदूत पाणी साचतं, तर नको. तिथे दाब आजच उतरवायला हवा आणि रेडिओसर्जरी हळू चालणारा उपाय आहे. गाठ कसली हेच कळलं नसेल तर आधी तुकडा तपासावा लागतो. नजरेच्या नसेपासून गाठ किमान २-३ मिलिमीटर लांब असावी, कारण त्या नसेला एका बैठकीत ८ ते १० ग्रेच्या पुढे जाऊ देत नाहीत. जवळ असेल तर मात्रा ३ ते ५ बैठकांत वाटून देतात. गरोदरपणात शक्यतो पुढे ढकलतात. मेंदूभर पसरणाऱ्या ग्लायोब्लास्टोमासारख्या गाठींचा पहिला उपचार म्हणूनही हा नव्हे.

डोक्याला लोखंडी फ्रेम स्क्रूने बसवतात म्हणे. फार दुखतं का?

फ्रेम हलक्या धातूची असते. ती चार पिनांवर डोक्याला धरते, दोन कपाळावर भुवयांच्या वर आणि दोन मागे. पिना कवटीच्या आत जात नाहीत, बाहेरच्या हाडावर टेकतात. आधी त्या चार जागी भुलीचं इंजेक्शन देतात. खरं दुखतं ते हेच, अर्धा मिनिट चुरचुरतं. मग समोरासमोरच्या पिना एकाच वेळी थोड्या थोड्या आवळतात. पहिली दहा-पंधरा मिनिटं डोकं चिमट्यात धरल्यासारखा दाब जाणवतो, नंतर तो बोथट होतो. त्यातही एखादी जागा टोचतच राहिली तर सांगा, तिथे आणखी भूल देतात.

फ्रेम बसल्यावर तिच्यासकट एमआरआय होतो आणि त्या चित्रावर नेम ठरतो. म्हणून त्यानंतर फ्रेमला धक्का लागता कामा नये. दाराला आपटली, पिन सरकल्यासारखी वाटली, तर लपवू नका. चित्र पुन्हा काढून नेम तपासता येतो. न सांगितलं तर किरण चुकीच्या जागी जातील.

दोन ते पाच बैठका असतील किंवा फ्रेम नको असेल तर मास्क वापरतात. गरम पाण्यात मऊ झालेली जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात, ती काही मिनिटांत कडक होते. नव्या गामा नाईफमध्ये नाकाच्या शेंड्यावर एक खूण चिकटवतात आणि कॅमेरा तिच्याकडे बघत असतो. ठरलेल्यापेक्षा जास्त हललात तर किरण आपोआप थांबतात. चेहऱ्याची नस, कंप अशा बारीक कामाला मात्र बहुतेक ठिकाणी फ्रेमच पसंत करतात.

आधी काय तयारी करायची?

- क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, कारण एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यावं लागतं.
- पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, ॲन्युरिझमची (रक्तवाहिनीच्या फुग्यावर बसवलेली) क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, काहीही असेल तर आधी सांगा. शिरोलीच्या एमआयडीसीत किंवा फाउंड्रीत काम केलेल्यांनी तर आवर्जून.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. कोणती, किती दिवस थांबवायची ते डॉक्टर सांगतात.
- फिटची गोळी त्या दिवशी सकाळीही घ्यायचीच. ती चुकल्याने त्या दिवशी फिट आल्याची उदाहरणं असतात.
- मधुमेह असेल तर विचारा. उपाशी राहून इन्शुलिन घेतलं तर साखर एकदम उतरते.
- आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, तेल लावू नका. तेलाने भुलीच्या जागेची नीट सफाई होत नाही.

त्या दिवशी सकाळी फ्रेम, मग एमआरआय, लागल्यास अँजिओग्राफी. त्यानंतर एक-दोन तास टीम संगणकावर प्लॅन करते आणि पेशंट नुसता बसून असतो. हा वेळ फार जड जातो, तेव्हा सोबत शांत स्वभावाचं माणूस न्या. प्रत्यक्ष उपचार अर्धा तास ते तीन-चार तास. काही जाणवत नाही, गरमही लागत नाही. आत माईक असतो, बोलता येतं. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

लगेच कोणते त्रास होतात?

डोकं दुखणं, मळमळ, पिनांच्या जागी ठणका, फ्रेम काढताना थोडं रक्त. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरते आणि पापण्या फुगतात. दिसायला भयंकर, पण दोन-तीन दिवसांत ओसरते. पिनेच्या वरचा डोक्याचा पट्टा काही आठवडे बधिर राहू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे थकवाही वाटतो.

जखमा कोरड्या ठेवा, एक-दोन दिवसांनी सौम्य शाम्पूने डोकं धुवायला हरकत नाही. हळद, चुना, बिब्बा, काही लावू नका. चैत्रातली जोतिबाची यात्रा जवळ आली असेल तर खपल्या पडेपर्यंत गुलालात जाऊ नका. ऊसतोडीची धूळ, गोठ्यातलं काम हेही आठवडाभर टाळा.

उशिरा होणारे दुष्परिणाम कोणते? खरी भीती कशाची?

भीती सूज आणि रेडिओनेक्रोसिसची. किरण लागलेल्या जागेभोवतीच्या मेंदूच्या भागाला सूज येते किंवा तो भाग मरतो. हे साधारण ६ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीही दिसतं, कधी त्याहूनही उशिरा. पेशंट बरा होऊन कामाला लागलेला असतो, घरच्यांच्या मनातून उपचार गेलेला असतो, आणि अचानक डोकं दुखायला लागतं किंवा हात जड वाटतो.

कुणाला होतं? १२ ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळणारा भाग साधारण १० घनसेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो. म्हणजे गाठ मोठी असेल, जागा खोल असेल किंवा त्याच जागी पूर्वी किरणोपचार झाले असतील तर जास्त. कॅन्सरच्या मेंदूतल्या गाठींत शंभरातल्या ५ ते १० जणांना याचा जाणवण्याइतका त्रास होतो. बऱ्याच जणांत हा बदल नुसता एमआरआयवर दिसतो, त्रास काही नसतो, आणि तेव्हा फक्त लक्ष ठेवतात.

उपचार आहेत. पहिली पायरी डेक्सामेथासोन हे स्टिरॉईड. त्याने भागलं नाही तर बेव्हॅसिझुमॅबचं सलाईन, आणि क्वचित शस्त्रक्रिया करून तो भाग काढावा लागतो.

जागेनुसार इतर त्रास ठरतात: नजर, ऐकणं, चेहऱ्याचा बधिरपणा, पिट्यूटरी मंदावणं. एव्हीएमच्या जागी कित्येक वर्षांनी पाण्याची पिशवी तयार झाल्याची उदाहरणं आहेत. किरणांमुळे नवा कॅन्सर होण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी.

सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसतेय. उपचार फसला का?

लगेच तसं समजू नका. अकूस्टिक न्यूरोमासारख्या गाठी ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आतून मरताना फुगतात आणि मग बसतात. या काळात घाईने शस्त्रक्रिया करून घेतली तर नसेचं विनाकारण नुकसान होतं. कॅन्सरच्या गाठीत मात्र सूज, नेक्रोसिस आणि पुन्हा वाढलेली गाठ, तिन्ही साध्या एमआरआयवर सारखेच दिसतात. तेव्हा परफ्यूजन एमआरआय किंवा पेट स्कॅन लागतो. हा निर्णय ज्यांनी उपचार केले त्यांनीच घ्यावा, नुसत्या रिपोर्टवरून घेऊ नये.

केस जातात का?

सहसा नाही. गाठ कवटीच्या अगदी जवळ असेल तर रुपयाएवढ्या जागेचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात आणि बहुधा परत येतात.

घरी लहान नातवंडं आहेत. माझ्या अंगातून किरण निघतील का?

नाही. खोलीबाहेर आलात की अंगात किरण शिल्लक राहत नाहीत. नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या.

गोळ्या कधी बंद करायच्या?

"आता शेक झाला, गोळ्या कशाला?" या एका वाक्याने फार नुकसान होतं. न्युराल्जियाचं कार्बामाझेपिन दुखणं थांबल्यावरही काही आठवडे चालू ठेवून डॉक्टर हळूहळू उतरवतात. ते अचानक सोडलं तर कळ दुप्पट जोराने उठते. फिटच्या गोळ्यांचंही तसंच. आणि स्टिरॉईड कधीच एकदम तोडायचं नाही. दोन-तीन आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल मंदावलेलं असतं. अचानक बंद केलं की रक्तदाब पडतो, गळून जायला होतं.

स्टिरॉईड चालू असताना खाण्यापिण्याचं काय?

डेक्सामेथासोनने भूक खवळते, साखर चढते, पोटात आग पडते. पोटासाठी दिलेली गोळी चुकवू नका. तांबडा रस्सा आणि मिसळ या दिवसांत बाजूलाच ठेवा. पांढरा रस्सा, भाकरी, मुगाची आमटी चालेल. मधुमेह असेल तर दुपारी आणि रात्री जेवणानंतरची साखर तपासा. सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली दिसते आणि फसवते. रात्री झोप येत नसेल तर शेवटचा डोस दुपारीच घेता येईल का ते विचारा.

गाडी चालवणं, शेती, तालीम कधी सुरू करता येईल?

साधं काम तीन-चार दिवसांत. हेल्मेट पिनांच्या जखमांवर दाबतं, म्हणून ती जागा भरेपर्यंत दुचाकी नकोच. फिटचा इतिहास असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गाडी, विहिरीचा काठ, उसाच्या चरकाजवळचं काम टाळा. कुस्तीत मानेवर आणि डोक्यावर भार येतो, तेव्हा आखाड्यात उतरण्याआधी विचारा. एव्हीएम बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जोर काढून वजन उचलू नये.

मुंबईला उपचार आणि राहायला कोल्हापूर. कसं जमवायचं?

महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं. पण रात्रभर जागून थेट फ्रेमच्या टेबलावर बसू नका, एक दिवस आधी पोचा. परतताना फ्रेम काढल्यावर एक रात्र तिथेच थांबा. उलटी किंवा फिट व्हायचीच असेल तर बहुधा पहिल्या २४ तासांत होते आणि खंबाटकी घाटात ती सांभाळणं कठीण. येताना डिस्चार्ज कार्ड, किती ग्रे कुठे दिले याची नोंद आणि प्लॅनचा एमआरआय पेनड्राईव्हवर घेऊन या. पुढे कधी पुन्हा किरण द्यायचे झाले तर त्या नोंदीशिवाय कोणीही मात्रा ठरवू शकत नाही.

पुढचे एमआरआय कोल्हापुरात करता येतात. मात्र दर वेळी त्याच सेंटरवर, कॉन्ट्रास्टसह आणि १ मिलिमीटरच्या पातळ कापांचा क्रम मागून करून घ्या. जाड कापांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक हरवून जातो. छापील फिल्मवर भागत नाही, मूळ डिजिटल चित्रं पाठवा.

खर्चाला मदत मिळते का?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा आजार आणि ते रुग्णालय बसतं का, हे आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, सांगतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही तो भेटतो. मंजुरी उपचाराआधी लागते, भरलेले पैसे नंतर परत मिळत नाहीत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्याला वेळ जातो, तो तारीख मिळण्याची वाट न बघता काढून ठेवा.

कशासाठी लगेच दवाखाना गाठायचा?

पाच मिनिटांत न थांबणारी फिट किंवा पाठोपाठ येणाऱ्या फिट. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नजर अचानक जाणं. सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलट्या, रोज वाढत जाणाऱ्या. एव्हीएमच्या पेशंटची एकाएकी आलेली प्रचंड डोकेदुखी. पिनेच्या जागेतून पू, ताप, मान आखडणं.

यातलं काहीही झालं तर मुंबईच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा आणि पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की मेंदूला रेडिओसर्जरी झालेली आहे, अमुक महिन्यात, अमुक जागी. ही माहिती एका कागदावर लिहून पेशंटच्या आधार कार्डाबरोबर ठेवा. उपचारानंतर पाच वर्षं लोटली असली तरी तो कागद काढून टाकू नका.